नळी धरून बसलेल्या काकांना

ती. काका,
सा. न.

माझी मोटरसायकल नीट केल्याबद्दल काल फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही "बरं बरं, ऑइल बदललंस का?" म्हणून मला गप्प केलंत. ऑइल बदललं. पण आभार राहिलेच, म्हणून ते आता चारचौघांत मानतेय. नाव लिहीत नाही, तुम्ही रागवाल. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

आधी इतरांबद्दल थोडं बोलून घेते, कारण ते पोटात ठेवून आभार नीट मानता येणार नाहीत. माझी गाडी जुनी, दोन सिलिंडरची, दोन कार्बोरेटरची; प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा एकेक. डावीकडचा प्लग काढला की काजळीने काळाकुट्ट, उजवीकडचा मात्र छान तांबूस. स्लोला मिसिंग, डाव्या कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लोमधून मधूनच टपकणारं पेट्रोल, आणि ऑइलची पट्टी काढून हुंगली तर तिलाही पेट्रोलचा वास. लक्षणं इतकी ओरडून सांगत होती की निदान करायला फक्त ऐकणारं माणूस हवं होतं. एका गॅरेजवाल्याने प्लग बदलले. दुसऱ्याने एअर स्क्रू फिरवून "आता मक्खन" म्हटलं. आणखी एका महाशयांनी काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, असं धरून दोन्हीकडे लहान जेट (पेट्रोल ज्या बारीक भोकातून येतं ते) घातले. त्यामुळे डावीकडचा काळेपणा थोडा कमी झाला आणि उजवं सिलिंडर, ज्याचा काही दोष नव्हता, ते पेट्रोलवाचून तडफडायला लागलं. वर "जुनी गाडी आहे मॅडम, एवढं चालायचंच" हे वाक्य. ते वाक्यही मला नाही, माझ्यासोबत आलेल्या भावाला. त्याला मोटरसायकल चालवतासुद्धा येत नाही.

एकाने मात्र कार्बोरेटर उघडला, पट्टी लावून फ्लोटची, म्हणजे पेट्रोलवर तरंगत ते भरलं की आत यायचं बंद करणाऱ्या पोकळ डबीची, उंची मोजली आणि पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे असं सांगितलं. मोजमाप खरं होतं, आणि म्हणूनच त्याचा राग जास्त येतो. फ्लोट रिकाम्या कार्बोरेटरवर, कोरडा असताना मोजला होता. तो पेट्रोलवर किती तरंगतो, हे पट्टी कसं सांगणार? निदान तो कानाशी धरून हलवला असता तरी आत शिरलेलं पेट्रोल वाजलं असतं.

काका, तुम्ही पहिल्या दिवशी गाडीला हातही लावला नाहीत. मला शेजारी बसवून विचारलंत, कधी होतं, गार असताना की तापल्यावर, टाकीचा कॉक उघडा राहिला तर काय होतं. मग म्हणालात, "जेटला कशाला शिव्या द्यायच्या? आधी कार्बोरेटरच्या खालच्या बाउलमध्ये पेट्रोल कुठवर उभं आहे ते बघू." कार्बोरेटरच्या घशातून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि बाउलमधलं पेट्रोल नळीतून वर ओढलं जातं. पेट्रोल मुळातच वर उभं असेल तर त्याला चढायला कमी लागतं, आणि थ्रॉटल कुठेही असला तरी ते जरुरीपेक्षा जास्तच येतं. मग जेट कितीही बदला. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला मिनिटभर लागला असता.

आणि मग तुमचा तो खण उघडला. विकतचं काहीच नाही. बाउल रिकामा करायच्या एका जादा ड्रेन स्क्रूला मधोमध भोक पाडून त्यात डाख लावून बसवलेला पितळी नळीचा तुकडा, त्यावर पारदर्शक नळी, नळीला चिकटवलेली ग्राफ पेपरची पट्टी आणि शून्याच्या खुणेला गुंडाळलेला लाल दोरा. खणात सलाईनची नळीही होती, ती तुम्ही बाजूला सारलीत. बारीक नळीत पेट्रोल कडेकडेने काही मिलिमीटर आपोआप चढतं, आणि आपण तर मिलिमीटरच मोजणार आहोत, म्हणून रुंद नळी. गवंडी पाणी भरलेल्या नळीने भिंतीची लेव्हल काढतो तेच इथे, फक्त पाण्याच्या जागी पेट्रोल, म्हणून काम उघड्यावर आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावर. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी आहे ना, हे तुम्ही ज्या बारकाईने पाहिलंत तेवढ्या बारकाईने माझ्या ओळखीचे काही लोक घर घेतानाही बघत नाहीत.

बाकी कृती लिहीत बसत नाही. ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते पुढे आहे.

तुम्ही एक गुडघा टेकून बसलात, नळी कार्बोरेटरला टेकवून वरून सावकाश खाली आणलीत आणि लाल दोरा बॉडीच्या खालच्या कडेशी आला तिथे थांबलात. मला वाटलं, आता आकडा सांगाल. तुम्ही नळीकडे पाहिलंच नाहीत. मान दुसरीकडे वळवलीत आणि म्हणालात, "वाच."

मी वाकले. पेट्रोलचा पृष्ठभाग कडेला वर ओढल्यासारखा दिसत होता, कुठली रेघ धरायची कळेना. मधला, खालचा भाग धरायचा, एवढंच तुम्ही सांगितलंत. मी डोळा त्या उंचीवर आणला, वाचलं, पटलं नाही, उठून दुसऱ्या बाजूने पाहिलं, टॉर्च आणला, परत वाचलं. तेवढा वेळ तुमचा हात तिथेच. बोटं पांढरी पडली होती. "काका, जरा खाली घ्या, विसावा घ्या," म्हटलं तर तुम्ही हललाच नाहीत. नळी खाली गेली की बाउलमधलं पेट्रोल तिच्यात उतरतं, फ्लोट टाकीतून नवं आत घेतो, आणि नळी परत वर आणली की ते जादाचं बाउलमध्ये जाऊन पातळी खऱ्यापेक्षा वर दाखवते. "हात दुखेल तो दुखेल, आकडा खोटा नको." हे तुम्ही अगदी साध्या आवाजात म्हणालात, जणू त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

उजवीकडेही तसंच. डावी पातळी उजवीपेक्षा चार मिलिमीटर वर. हे मी सांगितल्यावरच तुम्ही वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "हो, चारच."

मला त्या "चारच"ने काय दिलं हे तुम्हाला कदाचित कळणार नाही, कारण तुम्ही आयुष्यभर लोकांना असंच वागवत आला असाल. मला आजवर निकाल मिळत होते. मोजायची संधी कुणी दिली नव्हती. ज्याला काम येतं तो ते लपवत नाही, आणि जो लपवतो त्याला बहुतेक वेळा ते पुरतं आलेलं नसतं, असं माझं आता मत झालंय. हे फक्त गॅरेजवाल्यांबद्दल नाही. डॉक्टर, वकील, शाळेतले गणिताचे सर, सगळ्यांना मी मनात त्या नळीपाशी बसवून पाहिलं. बरेच जण नळी खाली ठेवून निघून गेले असते.

पुढचं तर लहानच होतं. डावा पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला, सांध्यातून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. आत पेट्रोल शिरून तो जड झाला होता, म्हणून खोल तरंगत होता आणि पेट्रोलची वाट अडवणारी नीडल उशिरा बंद करत होता. मी डाख लावायचं म्हटलं तेव्हा तुम्ही नको म्हणालात. आत वाफ राहिली तर जिवावरचं काम, आणि डाखाचं वजन वाढून फ्लोट पुन्हा बुडणार ते वेगळंच. नवा फ्लोट बसवला, जुने जेट परत घातले, आणि पुन्हा नळी. तेव्हा नळी मी धरली होती आणि वाचलं तुम्ही. माझा हात थरथरत होता, तुम्ही काही बोलला नाहीत.

आता दोन्ही प्लग सारखे आहेत. ऑइलला वास नाही. "जुनी गाडी, चालायचंच" म्हणणाऱ्या गृहस्थांच्या दारावरून मी मुद्दाम जाते, हे तुम्हाला आवडणार नाही, पण मी तुमच्याइतकी भली नाही.

आणखी एक. मैत्रिणीच्या गाडीला चार कार्बोरेटर आहेत आणि तिलाही हेच ऐकवलं गेलंय. स्क्रूला भोकं पाडून झालीत, पट्ट्या चिकटवून झाल्या. वाचणार ती. धरायला मी आहे, पण पहिल्या बाउलला तरी तुम्ही या.

तुमची,
डाव्या सिलिंडरवाली