पक्या, थार वाळूत रुतली त्या व्हिडिओबद्दल

प्रिय पक्या,

तुझा मेसेज आला, "व्हिडिओ भारी झालाय, खाली कॅमेऱ्याला तुझं नाव बघितलं" म्हणून, आणि मी नुसता अंगठा पाठवला. रागावला असशील. पण मेल्या त्या व्हिडिओबद्दल दोन ओळीत काय लिहिणार, म्हणून आता हे बसून टाइप करतोय. मृग लागल्यापासून लाइट तासभर टिकत नाही, आत्तापण गेलीय, लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर लिहितो. सकाळी वर सड्यावर, कातळाच्या माळावर गेलो की रेंज येते, तेव्हा जाईल तुला.

तर त्या व्हिडिओतला तो मुलगा. नाव घेत नाही, तुझ्या ओळखीच्याच घरातला आहे, आपण त्याला फुरसं म्हणू, त्या सापासारखाच आहे एवढुसा आणि सारखा अंगावर येतो. एप्रिलच्या शेवटी आला, संद्यादादा रॅप व्हिडिओ करायचाय, बजेट आहे. मी म्हटलं चला, लग्नांचा सीझन संपत आलाय, तीच हळद, तोच ड्रोन, जरा वेगळं काय तरी करू. मग त्याने पंधरा-वीस लिंका पाठवल्या, ह्यातला हा शॉट पाहिजे, त्यातला तो. गाणं ऐकवलं तर त्यात हा उपाशी झोपलाय, रस्त्यावर वाढलाय, सगळे शत्रू याच्यावर जळतायत. अरे तुझ्या आजोबांची कलमं आहेत, दर मे महिन्यात पेट्या वाशीला जातात, तू कधी उपाशी झोपलास, आणि जळतंय कोण तर वानर, तेपण तुझ्यावर नाही तुझ्या आंब्यांवर. हे मी बोललो नाही. पैसे घेतले होते.

शूटिंगची तयारी ऐक. थार भाड्याची, चिपळूणवरून, दिवसाचे साडेचार हजार. चेनी तीन, बेन्टेक्सच्या, त्यातली एक दुपारपर्यंत घामाने काळी पडली. उधळायला नोटा पाहिजेत तर त्या चिल्ड्रन बँकेच्या, मला म्हणतो दादा फोकस मारू नको त्यावर. व्हिस्कीच्या बाटलीत आधी कोकम सरबत भरलं होतं, ते रक्तासारखं दिसायला लागलं म्हणून त्याच्या आईने कोरा चहा करून दिला, आणि ती बिचारी विचारते, कपात का नाही पीत रे. वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर थार उतरवली आणि तिसऱ्या टेकला ती रुतली. भरती यायची वेळ. शेवटी कोणाचा तरी ट्रॅक्टर आला तेव्हा निघाली. व्हिडिओत जो तो बॉनेटवर बसून लांब किनाऱ्याकडे बघतोय ना, एकदम हिरोसारखा, तो खरं म्हणजे ट्रॅक्टर येतोय का ते बघतोय.

हसू नको, कारण मला वाटतं हे आपल्याला काय नवीन नाही. आपले बाप-काके चाकरमानी होऊन गणपतीला यायचे तेव्हा काय करायचे? गॉगल, टेरिलीनची पँट, अंगाला अत्तर, खांद्यावर वाजता ट्रान्झिस्टर. आणि तिकडे परळला एका खोलीत बाराजण पाळीपाळीने झोपत होते. गावात येताना माणूस मुंबई घालून यायचा. आता हप्त्यावरची बुलेट घेऊन येतात एवढाच फरक. अमेरिकेतपण तसंच की, त्या नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओंवर रेकॉर्ड कंपन्या पाण्यासारखा पैसा ओतायच्या आणि त्यातला बराचसा नंतर कलाकाराच्याच कमाईतून वळता करून घ्यायच्या. म्हणजे पडद्यावर जी श्रीमंती दिसते ते खरं तर त्या माणसाच्या डोक्यावरचं कर्ज. आपल्याकडे पुण्याच्या रॅपर एमसी स्टॅनच्या ऐंशी हजाराच्या बुटांची किती चर्चा झाली, तो २०२३ ला बिग बॉस जिंकला तेव्हा इथली पोरं गाण्यांपेक्षा बूट आणि चेनबद्दलच बोलत होती. मला त्या पोराचा राग येत नाही. ज्याला कोणी दारात उभं करत नाही तो आधी अंगावर काय तरी चमकणारं घालतो, मग बोलतो.

पण मला तुला सांगायचंय ते ह्याबद्दल नाही.

फुरसं म्हणालं, गर्ल्स पाहिजेत. का पाहिजेत, गाण्यात एकही बाई नाही, आईपण नाही. तर म्हणे लिंका बघ ना, सगळ्यांत आहेत. चिपळूणच्या दोन मुली आल्या, ऑर्केस्ट्रात, इव्हेंटला नाचतात, दिवसाचे प्रत्येकी दीड हजार. थारच्या एक तृतीयांश, हे मी नंतर हिशोब केला. त्यांना काम काय, तर गाडीला टेकून उभं राहायचं, मध्येच नाचायचं, आणि हा त्यांच्याकडे बघणारसुद्धा नाही, कारण बघितलं तर म्हणे भाव कमी होतो. संध्याकाळी साडेपाचची एसटी पकडून गेल्या. त्यातली एक फार नीट काम करणारी होती, माझ्या लाइटची मलाच आठवण करून द्यायची, दादा आता सूर्य तुमच्या मागे गेला.

आठ दिवसांनी तिचा मेसेज. दादा व्हिडिओ छान झालाय, मला एक क्लिप द्याल का ज्यात मी दिसते, आईला पाठवायचीय.

मी म्हटलं त्यात काय, देतो. रात्री बसलो काढायला. जवळजवळ अडीच तासाचं फुटेज आहे पक्या. कंबर आहे, पाय आहेत, मान आहे, केस उडतायत, ओठ आहेत एका ठिकाणी. तिचा पूर्ण चेहरा, स्थिर, ओळखू येईल असा, एकाही शॉटमध्ये नाही. फुरश्याचे क्लोजअप मोजले, एकेचाळीस. आणि त्याने मला कधी सांगितलं नव्हतं की मुलींची तोंडं कापून टाक, माझ्या हातानेच फ्रेम तशी लावली, लिंका बघून बघून हाताला सवय लागली. लग्नात मी कधी असं करतो का? तिथे तर कोपऱ्यातल्या आत्याचापण चेहरा यायला लागतो, नाहीतर पेमेंट अडकतं.

मग झोप लागेना, म्हणून जुने व्हिडिओ बघत बसलो, हा रॅपचा प्रकार आला कुठून म्हणून. आणि गंमत बघ, सुरुवातच एका मुलीपासून आहे. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्रॉन्क्स, बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये पार्टी. डीजे कूल हर्क वाजवत होता हे सगळे सांगतात, पण ती पार्टी ठेवली होती त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने, शाळा सुरू व्हायच्या आधी नवीन कपडे घ्यायला पैसे पाहिजेत म्हणून. हाताने लिहिलेली आमंत्रणं, मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५०. म्हणजे कपडे आणि मुलींचा वेगळा रेट, दोन्ही पहिल्याच दिवशी हजर! १९७९ ला रॅपची पहिली मोठी हिट रेकॉर्ड बाजारात आली तीपण एका बाईमुळे, सिल्व्हिया रॉबिन्सन, कंपनी तिची आणि नवऱ्याची, आणि पोरं गोळा करून रेकॉर्ड करून घेतलं तिने. मग ह्या बायका गाडीच्या बॉनेटवर कधी जाऊन बसल्या?

फुरश्याला जो माशाच्या डोळ्यासारखा गोल लेन्सचा शॉट पाहिजे होता ना, तो हाइप विल्यम्स नावाच्या डिरेक्टरने गाजवला. त्यात माणूस मोठा दिसतो, कॅमेऱ्यावर चाल करून येतो असा. पण त्याच माणसाने १९९७ ला मिसी एलियट ह्या रॅपर बाईचा व्हिडिओ केला, त्यात ती कचऱ्याच्या काळ्या पिशवीसारखा हवा भरून फुगवलेला सूट घालून उभी. जाड बाई, आणखी जाड केलेली, आणि सगळ्या फ्रेमची मालकीण तीच. तीच लेन्स रे! मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. कपडे काढायला नकार देऊन उलट आणखी कपडे घालणं ही आयडिया आपल्या शिमग्यातल्या संकासुराला शोभेल अशी आहे, तोपण काळा झगा घालून अख्ख्या अंगणाला पळवतो.

दुसरीकडे नेली नावाच्या रॅपरचा २००३ चा एक व्हिडिओ, त्यात तो एका बाईच्या ढुंगणावरून क्रेडिट कार्ड फिरवतो, दुकानात मशीनमधून फिरवतात तसं. मी थांबवून बघितलं, खरंच तेच आहे का. अटलांटाला स्पेलमन म्हणून कृष्णवर्णीय मुलींचं कॉलेज आहे, तिथे २००४ ला त्याच्या संस्थेचं बोनमॅरो दात्यांच्या नोंदणीचं शिबिर व्हायचं होतं. त्याच्या बहिणीला ल्युकेमिया होता. मुली म्हणाल्या नोंदणी करा, पण आधी त्या व्हिडिओबद्दल आमच्याशी बोला. शेवटी त्याच्या संस्थेने शिबिरच रद्द केलं, आणि पुढच्या वर्षी ती बहीण गेली. ह्यात मला कोणाची बाजू घ्यावी कळेना. मुलींचं चुकलं असं म्हणवत नाही. एका बहिणीसाठी धावणारा माणूस दुसऱ्या कोणाच्या तरी बहिणीवरून कार्ड फिरवतो, आणि दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी जमतात, आपल्या गावातपण असे किती आहेत.

आणि हल्ली बायका स्वतःच तसे व्हिडिओ करतात, कार्डी बी आणि मेगन ह्या रॅपर बायकांचा २०२० चा घे, त्यावर किती गदारोळ. माझं मत अजून पक्कं होत नाही. पण एक दिसतं, त्या दोघींचे चेहरे पूर्ण वेळ आहेत, डोळ्यात बघून बोलतात. रॅपर क्वीन लतिफाने तर १९९३ लाच पुरुष बाईला कोणत्या शब्दाने हाक मारतात त्यावर अख्खं गाणं केलं आणि त्याला १९९५ ला ग्रॅमी घेतलं. आपल्याकडे 'माही जी' नावाची मुलगी आहे, आदिवासी समाजातली, जंगल-पाण्यावर मराठीत रॅप करते, तिला थार लागत नाही. आणि कुर्ल्याच्या नेझी ह्या रॅपरने २०१४ ला पहिला व्हिडिओ आयपॅडवर शूट केला, हे मी फुरश्याला सांगितलं तर तो म्हणतो, दादा तेव्हा चालायचं.

त्या मुलीला मी फोन केला, म्हटलं माफ कर, तसा शॉटच नाही. मला वाटलं ती रडेल नाहीतर बोलेल काय तरी. ती म्हणाली, दादा नाचायचं मला काय वाटत नाही, लोक बघायलाच येतात, स्टेजवर पण तेच असतं. फक्त स्टेजवर मी पण त्यांना बघू शकते ना.

तेव्हापासून तू डोक्यात आहेस.

२००९ चा शिमगा. तू गोमू, म्हणजे खेळ्यातली नाचणारी बाई झाला होतास. नऊवारी, गंगावन, तुझ्या ताईचे पैंजण आणि बाजारातले खोटे दागिने, तोंडाला पावडर. तू काय नाचायचास रे, खरंच सांगतो, बायका पदर तोंडाला लावून बघायच्या. पाच गावं फिरलो आपण खेळे घेऊन. आणि त्या शेवटच्या गावात अंगणात पोरांनी शिट्ट्या मारल्या, एकाने पदर ओढला, दुसऱ्याने चिमटा काढला, आणि शाहिराच्या पोरानेसुद्धा गाण्यात तुझ्यावर जोडलं काय तरी, बायल्या म्हणून. शक्ती-तुऱ्याच्या गाण्यांच्या सामन्यातपण समोरच्याला खाली दाखवायचं तर त्याला बाई करतात, ते तिकडच्या रॅप बॅटलसारखंच. आपण हसलो. तूपण हसलास असं मला आठवत होतं. पुढच्या वर्षी तू म्हणालास कंपनीत सुट्टी नाही, आणि नंतर कधीच गोमू झाला नाहीस, झांज वाजवायचास मागे उभा राहून.

जुन्या हार्डडिस्कवर त्या रात्रीची क्लिप सापडली. माझ्या पहिल्या मोबाइलवरची, चाळीस सेकंद, धुरकट, गॅसबत्तीच्या उजेडात. माझं आयुष्यातलं पहिलं शूटिंगच म्हण. त्यात तू हसत नाहीयेस. तू नाचतोयस आणि पदर दाताखाली धरलायस, आणि मधेच सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, बघतोस. आणि क्लिपमध्ये सगळ्यात मोठा आवाज आहे तो माझ्या हसण्याचा.

फुरश्याला मी विचारलं, त्या मुलींचा एक दिवस परत शूट करू, मी पैसे घेत नाही. तो म्हणाला व्ह्यूज चांगले येतायत, कशाला. मग मीच त्या मुलीला रविवारी बोलावलंय, पाऊस नसेल तर सड्यावर, नाहीतर देवळाच्या मंडपात. तिच्या आवडीचं गाणं, तिला पाहिजे तसं, आईला पाठवण्यापुरतं. रॅप नकोय म्हणते, भजनाच्या चालीवर नाचायचंय. मला तिथे लाइट कसा लावायचा तेच कळत नाहीये अजून.

बॅटरी अकरा टक्के राहिलीय. गणपतीचं बुकिंग उघडलं की लगेच बस, तुतारी एक्सप्रेस मिनिटात वेटिंगला जाते, मागच्या वर्षीसारखं टॉयलेटपाशी बसून येऊ नको. ती क्लिप मी कोणाला दाखवलेली नाही आणि तुलापण ह्याच्यासोबत पाठवत नाहीये. पाहिजे असेल तर पाठवतो, नको म्हणालास तर तुझ्यासमोर डिलीट करतो, काय ते तू सांग.

तुझा
संद्या