भाकरीच्या मुलखातून बेंगळुरूकडे

लातूर,
दि. १२ एप्रिल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. निवृत्तीनंतरचा पहिला उन्हाळा घरात कूलरसमोर बसून काढायचा नाही, हा तुझा निश्चय वाचून मला मनापासून आनंद झाला. तू महाबळेश्वर सुचवले आहेस आणि शेवटचा शब्द माझ्यावर सोपवला आहेस. त्यामुळे गेल्या चार रात्री मी नकाशा पुढ्यात घेऊन बसलो होतो. माझे मन बेंगळुरूवर ठरले आहे, आणि ते का, हे तुला सविस्तर सांगणे भाग आहे. कारण महाबळेश्वरपेक्षा दुप्पट वाट तुडवायची, तर त्याला तसेच कारण हवे.

महाबळेश्वरला मे महिन्यात आपण पॉइंट पाहत हिंडू आणि रात्री, पुन्हा कधी न येणाऱ्या पाहुण्यांसाठी रांधलेले अन्न खाऊ. मला अशा गावी जायचे आहे जिथले लोक रोज सकाळी स्वतःसाठी हॉटेलात जातात, ठरलेल्या जागी बसतात आणि वर्षानुवर्षे तोच पदार्थ मागवतात. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तिथे तो बहुधा तेहतीस-चौतिसाच्या आसपास असतो, संध्याकाळी अनेकदा वळवाची सर येते आणि रात्री पांघरूण घ्यावेसे वाटते. दुपारचे ऊन तिथेही ऊनच असते, हेही सांगून ठेवतो. म्हणून दुपारी फिरायचे नाही, जेवून पडायचे.

तुला आठवत असेल, अकरावीत असताना आपण स्टेशनकडच्या उडपी हॉटेलात दोघांत मिळून एक मसाला डोसा घेत असू. पैसे तेवढेच असायचे. कडेचा कुरकुरीत भाग तू दर वेळी माझ्याकडे सरकवायचास आणि भाजीचा मऊ भाग स्वतः खायचास. हा पदार्थ जिथे रोज सकाळी घडतो त्या गावी एकदा जाऊ, असे तेव्हा तूच म्हणाला होतास. त्याला आता बेचाळीस वर्षे झाली. विमानाने गेलो तर दोन तासांत उतरू, पण मग मधले काहीच कळणार नाही. आणि माझ्या मते या प्रवासातले अर्धे जेवण त्या मधल्या वाटेवरच आहे.

ती वाट साधारण साडेसातशे किलोमीटरांची आहे. शुक्रवारी पहाटे चारला निघू, म्हणजे औसा मागे टाकून उजाडायच्या आत तुळजापूर गाठता येईल. तिथे देवीला मनोमन हात जोडू आणि सावकाश दर्शन परतताना घेऊ. सोलापूरला शहरात न शिरता पुढे जायचे. आईने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी द्यायचे कबूल केले आहे, तेव्हा सकाळची न्याहारी झाडाखालीच होईल.

खरी गंमत विजयपूरला, म्हणजे आपल्या जुन्या बोलण्यातल्या विजापूरला, सुरू होते. तिथे जेवणाच्या घराला खानावळीच म्हणतात, आपलाच शब्द. ताटात जोळद रोट्टी येते, म्हणजे आपली ज्वारीची भाकरी. काही ठिकाणी ती कडक वाळवून पापडासारखी करतात आणि अशी भाकरी कित्येक दिवस टिकते. सोबत एण्णेगाई, म्हणजे शेंगदाणे, तीळ आणि खोबऱ्याचे वाटण भरून तेलावर शिजवलेली वांगी, कारळ्याची चटणी, दही आणि कच्चा कांदा. आईचे माहेर भालकीकडचे, त्यामुळे ती अजूनही जेवण झाले का हे कानडीत विचारते, आणि तिच्या हातचे वांगे या एण्णेगाईपासून फार दूरचे नाही. सीमा ओलांडली, पाट्यांवरची लिपी बदलली, तरी ताट बदलले नाही, हे तुला तिथे बसून दाखवावे अशी माझी फार इच्छा आहे. जेवणाआधी गोलघुमट पाहून घेऊ. मोहम्मद आदिलशहाची ती कबर १६५६ साली पूर्ण झाली, आणि तिच्या घुमटाखालच्या सज्जात केलेली कुजबूज समोरच्या टोकाला ऐकू येते.

पुढे आलमट्टीपाशी कृष्णा ओलांडली की थोडे आत वळून कुडलसंगम आहे. कृष्णा आणि मलप्रभा तिथे मिळतात आणि बसवेश्वरांची ऐक्यभूमी, म्हणजे समाधीस्थान, तिथेच आहे. ज्या कल्याण नगरीत बाराव्या शतकात त्यांनी आपले कार्य केले, ते बसवकल्याण आपल्याला उमरग्यापासून किती जवळचे, पण संगमाला मात्र आपण दोघेही कधी गेलो नाही. तिथून पुढे इळकल लागेल. आपल्या आया ज्याला इरकल म्हणतात, ते लुगडे ज्या गावाच्या नावाने ओळखले जाते ते हेच. आईसाठी एक घ्यायचे ठरवले आहे. रंग निवडायला वहिनी बरोबर असतील तर बरे. पहिला मुक्काम होसपेटला. हंपी या वेळी पाहायची नाही, असे मी ठरवले आहे. विजयनगरची ती राजधानी एका सकाळीत उरकायची जागा नाही, तिच्यासाठी वेगळे यावे लागेल.

होसपेट सोडल्यावर भाकरीचा मुलूख हळूहळू संपत जातो. चित्रदुर्गाच्या पुढे ताटात भात वाढतो आणि नाचणीचा मुद्दे दिसू लागतो. तो वाफाळता मऊ उंडा चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा असतो. त्याच दिवशी एक वळसा घेण्याचा माझा आग्रह आहे. चित्रदुर्गापासून पन्नास-साठ किलोमीटर आत, चन्नगिरी तालुक्यात, होदिगेरे येथे शहाजीराजांची समाधी आहे. बेंगळुरू १६३८ मध्ये आदिलशाहीकडे आले आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. १६६४ मध्ये होदिगेऱ्याच्या परिसरात शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. भोसल्यांचे वेरूळ आपल्या मराठवाड्यातले. वेरूळच्या माणसाच्या गावी जाताना वाटेतल्या त्याच्या समाधीवर फूल न वाहता पुढे जाणे मला जमणार नाही.

शनिवारी रात्री बेंगळुरूत न शिरता तुमकुरूलाच थांबू. रविवारी सकाळी जवळच्या क्यात्संद्र येथे ताटलीएवढी पसरट तट्टे इडली खाऊ आणि रस्ते मोकळे असतानाच शहर गाठू. त्या शहरातल्या वाहनांच्या गर्दीविषयी जे ऐकतो, त्यावरून एवढी काळजी घेणेच बरे.

रविवार ते बुधवार असे चार दिवस मी मुद्दाम धरले आहेत. दोन दिवसांत सगळे उरकण्याची तुझी सूचना मी मान्य करणार नाही. एका सकाळी चार हॉटेले फिरून प्रत्येक ठिकाणी घासभर चाखणे म्हणजे खाणे नव्हे. एका सकाळी एकच जागा, हा नियम तू मान्य करावास. सोमवारी गांधी बाजारातले विद्यार्थी भवन. ते १९४३ सालचे आहे आणि नावाप्रमाणे विद्यार्थ्यांसाठीच सुरू झाले. तिथला डोसा आपल्याकडच्यासारखा कागदी पातळ नसतो; तो जाडसर, तुपात खरपूस झालेला असतो, आणि वाढपी एका हातावर ताटल्यांची चळत रचून आणतात. भिंतींवर कन्नड साहित्यिकांची चित्रे आहेत. तू आयुष्यभर भाषा शिकवलीस, तुला तिथे बसायला आवडेल.

मंगळवारी लालबाग रस्त्यावरचे मावळ्ळी टिफिन रूम्स, ज्याला सगळे एमटीआर म्हणतात. त्याची सुरुवात १९२४ ची. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा तिथे रव्याची इडली करून पाहिली गेली आणि त्यातून रवा इडली रूढ झाली, असे सांगतात. टंचाईच्या दिवसांत भांड्यात जे आहे त्यातूनच काही करायचे, ही गोष्ट आपल्या घरच्या बायकांना सांगायला नको. लालबागेत त्या आधी तासभर फिरू. हैदर अलीने १७६० च्या सुमारास लावायला घेतलेली ती बाग सकाळी गार असते आणि पोटात भूकही चांगली लागेल.

बुधवारी शंकरपुरममधला ब्राह्मिन्स कॉफी बार. ही १९६५ सालची छोटीशी जागा. इडली, वडा, खारा भात (म्हणजे रव्याचा उपमा), केसरी भात (म्हणजे केशरी शिरा) आणि कॉफी, बस. सांबार नाहीच, फक्त चटणी, आणि लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून खातात. इतकेच पदार्थ, पण इतकी वर्षे तेच नीट करत राहणे, याचे मला फार अप्रूप वाटते. मल्लेश्वरमच्या सीटीआर नावाच्या हॉटेलातला लोणी घातलेला बेन्ने मसाला डोसा एखाद्या संध्याकाळी घेऊ. आणि तुला मटण लागते हे मी विसरलेलो नाही: रविवारी दुपारी जयनगरमधल्या शिवाजी मिलिटरी हॉटेलात पानांच्या द्रोणात वाढलेली दोन्ने बिर्याणी खायची आहे. मांसाहारी खानावळीला तिथे मिलिटरी हॉटेल म्हणतात. मी दही-भातावर तुझ्यासमोर बसेन.

परतताना विजयपूरला एक रात्र काढू आणि शुक्रवारी घरी पोचू. गाडीची मागची दोन्ही चाके नवी बसवली आहेत, एसीचे कामही झाले आहे. दर दोन तासांनी आपण चालक बदलू. तुझ्या गुडघ्याला जास्त वेळ बसणे सोसत नाही, म्हणून थांबे मी त्या हिशेबाने धरले आहेत. तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आठ दिवसांच्या पुरतील एवढ्या घे.

मे महिन्याचा दुसरा शुक्रवार तुला चालतो का, आणि वहिनी येणार का, एवढे लगेच कळव, कारण मुक्कामाच्या खोल्या आताच सांगून ठेवायला हव्यात. गुरुवारी संध्याकाळीच अंबाजोगाईहून निघून आमच्याकडे जेवायला ये. आई तुझी वाट पाहत आहे, आणि धपाट्यांत मेथी घालू की नुसता कांदा, हे तुलाच विचारून घे असे तिने मला दोनदा बजावले आहे.

तुझा,
लातूरचा मित्र