चार वह्यांमागे एक रुपया

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजारामपुरीत माझं वह्या-पुस्तकांचं लहानसं दुकान आहे. जून म्हणजे आमची सुगी. यंदा शाळा उघडायच्या आदल्या दिवशी एक बाई पोराला घेऊन आल्या. चार घरची धुणीभांडी करतात. मी पुढ्यात दोन वह्या ठेवल्या. पानं सारखीच, पण एक इथल्याच छापखान्याची, दुसरी नामांकित कंपनीची आणि आठ रुपयांनी महाग. पोरानं महागड्या वहीच्या मागचा मजकूर मोठ्यानं वाचला : चार वह्यांमागे एक रुपया गरीब मुलांच्या शिक्षणाला. बाई म्हणाल्या, "मग हीच द्या. कुणाच्या तरी पोराचं भलं हुतंय न्हवं." गरिबाचं पोर तर काउंटरवर हनुवटी टेकून उभं होतं!

डझन वह्यांचे त्यांनी शहाण्णव रुपये जास्त मोजले. त्यातले दानाला गेले तीन. म्हणजे वहीमागे चार आणे, जे नाणं सरकारनं २०११ च्या जूनमध्येच चलनातून काढलं. मी गप्प बसले, कारण स्वस्त वहीवर माझं कमिशन जास्त आहे. बोलले असते तर स्वार्थ दिसला असता.

थेंबे थेंबे तळे साचे हे मला मान्य आहे. देशभर कोट्यवधी वह्या खपतात, त्यातून शाळांची कामं होतही असतील. पण माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या कंपनीचा वर्षाचा नफा पाच कोटींच्या वर आहे, तिनं आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे, असं २०१३ चा कंपनी कायदा सांगतो. मग बाईंचे तीन रुपये त्या दोन टक्क्यांच्या वर पडतात, की त्यातच धरले जातात? त्यातच धरले जात असतील, तर बाईंनी वही घेतली काय आणि न घेतली काय, कंपनीला तेवढा खर्च करायचाच होता. वहीवर याबद्दल अवाक्षर नाही.

अ‍ॅमेझॉननं परदेशात अशीच योजना चालवली होती. खरेदीच्या अर्धा टक्का रक्कम गिऱ्हाईक निवडेल त्या संस्थेला मिळायची. २०२३ मध्ये ती बंद करताना कंपनीनंच सांगितलं, की संस्था दहा लाखांवर झाल्या, पैसा फार विखुरला आणि म्हणावा तसा परिणाम झाला नाही. एवढं तरी कबूल केलं म्हणायचं.

२०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा शिरोळकडच्या पोरांची दप्तरं चिखलात गेली. आम्ही पाच-सहा दुकानदारांनी खरेदीच्या भावात सहाशे वह्या काढल्या आणि टेम्पोतून एका शाळेत पोचवल्या. हेडमास्तरांनी पोच लिहून दिली, कुठल्या वर्गाला किती ते धरून. तो कागद अजून माझ्या गल्ल्यात आहे. सहाशे वह्या म्हणजे काही डोंगर नव्हे, पण विचारलं तर हिशेब दाखवता येतो. आमच्या गल्लीतलं गणपती मंडळसुद्धा विसर्जनानंतर जमाखर्चाचा फलक लावतं. आणि त्यात मांडववाल्याचे दोनशे रुपये चुकले तर आठवडाभर चर्चा होते.

कंपन्यांनीही तेवढंच करावं. गेल्या वर्षी या वह्यांतून किती रुपये जमले, कुठल्या जिल्ह्यात गेले आणि कायद्याच्या दोन टक्क्यांहून ते वेगळे होते का, हे वहीच्या मागे छापायला तीन ओळी पुरतात. जागा भरपूर आहे, सध्या तिथं हसऱ्या मुलांचा फोटो असतो.

तोवर मी दुकानातल्या पाटीवर दोन्ही वह्यांचे भाव लिहिलेत आणि महागड्या वहीच्या भावाखाली खडूनं जोडलंय : "डझनामागे दान ३ रुपये." कंपनीचा सेल्समन परवा ऑर्डर घ्यायला आला होता. त्यानं पाटी दोनदा वाचली, चहा घेतला आणि ऑर्डर लिहून गेला.

आपली,
एक दुकानदार
राजारामपुरी, कोल्हापूर