नाना, तुम्ही आधी घरातल्या माणसांची चौकशी केलीत

आदरणीय नाना,
सा. न. वि. वि.

या महिनाअखेर तुम्ही वाचनालयातून निवृत्त होताय, हे परवा बाहेरच्या फळ्यावर वाचलं. निरोपाच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ होईल, चार जण बोलतील. मला जे सांगायचंय ते दोन मिनिटांत मावणारं नाही आणि ते गावातल्या इतरांनाही कळावं असं वाटतं, म्हणून हे उघड पत्र.

चार वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा देवघेवीच्या टेबलापाशी आले तेव्हा एवढंच म्हटलं होतं, "काहीतरी चांगलं वाचायला द्या." तुम्ही कपाटाकडे वळलाच नाहीत. खुर्ची पुढे सरकवून विचारलंत, "घरी कोण कोण आहे ताई?" मी सांगितलं. मालक केळीच्या बागेत, मुलगा पाचवीत, सासूबाईंना अक्षरओळख नाही. सासूबाईंचं माहेर कुठलं, हेही तुम्ही विचारलंत. भादली म्हटल्याबरोबर उठलात आणि बहिणाबाईंची गाणी काढून दिलीत. "मनात वाचू नका, मोठ्यानं वाचा. सासूबाई जवळ बसलेल्या असताना वाचा."

मी धुळ्याकडची. घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी. लेवा बोली लग्नानंतर कानावर पडली, पण जिभेवर कधी नीट बसली नाही. त्या रात्री ओट्यावर बसून मी वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीला सासूबाईंनी थांबवलं. "आसं नही म्हनत." मी छापलेलं 'येहेर' अडखळत वाचलं होतं, त्यांनी ते विहिरीत पोहरा सोडावा तसं सहज म्हणून दाखवलं. त्यांच्या तोंडी केळीची 'केयी' होते, डोळ्याचा 'डोया' होतो. इतकी वर्षं पाहुण्यांसमोर त्या हे शब्द गिळायच्या. तेच शब्द पुस्तकात छापलेले आहेत म्हटल्यावर त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि पानावरून बोट फिरवलं. "कुठं हाय? दाखव." मी 'येहेर' दाखवलं. बराच वेळ बोट तिथंच होतं.

मग मी त्यांना तुम्ही सांगितलेलं सगळं सांगितलं. ही बाई आसोद्याची लेक, जळगावची सून. ऐन उमेदीत नवरा गेला, उरलेला सगळा जन्म शेतात आणि जात्यावर. हिलाही लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी ओठावर यायची आणि घरातली मुलं ती कागदावर उतरवायची. 1951 साली ती गेली, त्यानंतर मुलगा सोपानदेव यांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. आसोदा म्हणजे भादलीच्या शेजारचंच गाव. सासूबाई म्हणाल्या, "मंग आमच्याकडचीच की." दुसऱ्या दिवशी जळगावच्या नणंदेला फोन करून हीच हकीकत त्यांनी मोठ्या आवाजात सांगितली.

छापखान्यावरचं गाणं मी त्यांना तीनदा वाचून दाखवलं. छापून झाल्यावर कोरा कागदसुद्धा शहाणा होतो, हे त्यांना फार लागलं. का लागलं ते मी विचारलं नाही.

पुस्तक परत करायला आले तेव्हा तुम्ही 'मानिनी' बघायला सांगितलंत. 1961 चा चित्रपट, बहिणाबाईंची गाणी त्यात आहेत. मोबाईल तांब्याला टेकवून आम्ही दोघींनी तो पाहिला. संसाराचं गाणं लागताच सासूबाई उठून बसल्या. रेडिओवर ते त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलेलं, पण आसोद्याच्या बाईचं आहे हे त्यांना तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मुलासाठी तुम्ही 'श्यामची आई' दिलंत. इथेही तुमची एक अट होती, "एका रात्री एकच रात्र." या पुस्तकात प्रकरणालाच रात्र म्हणतात, अशा बेचाळीस रात्री आहेत आणि वाचनालयाची मुदत पंधरा दिवसांची. तुम्ही स्वतःहून दोनदा मुदत वाढवून दिलीत. मागच्या तारीखचिठ्ठीवर एकाखाली एक तीन शिक्के आहेत, त्या पानाचा मी फोटो काढून ठेवलाय. साने गुरुजी इथे आपल्या अमळनेरलाच प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर होते, वसतिगृहातल्या मुलांची सेवा करायचे, नंतर 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी हे पुस्तक लिहिलं, हे तुम्ही मुलाला उभ्याउभ्याच सांगितलंत. तो घरी आला आणि अमळनेरला जायचा हट्ट धरून बसला. गेलो आम्ही.

बेचाळीस रात्री संपेपर्यंत चित्रपट बघायचा नाही, हीही तुमचीच ताकीद. मग 1953 चा अत्र्यांचा दाखवायला सांगितलात, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला तो. ज्या अत्र्यांनी बहिणाबाईंची वही जगापुढे आणली त्यांनीच हा चित्रपट काढला, हा धागा तुम्ही जोडून दिलात तेव्हा आमच्या घरातली दोन्ही पुस्तकं एकमेकांची सोयरी झाली. पुढे 2023 मध्ये नवा 'श्यामची आई' आला, तो आम्ही जळगावला थिएटरात जाऊन पाहिला. मुलाला जुना जास्त आवडला, मला नवा. रिक्षात त्यावरून आमचा जोरात वाद झाला. पोरगं आपल्याशी चित्रपटावरून वाद घालतंय, याचा मला केवढा आनंद झाला होता, तुम्हाला कसं सांगू.

तुम्ही दिलेलं सगळंच मला आवडलं असं नाही. नेमाडे आपल्याच यावल तालुक्यातल्या सांगवीचे, म्हणून तुम्ही मोठ्या उत्साहानं त्यांची 'कोसला' कादंबरी दिलीत आणि मी शंभरेक पानांवरून परत आणली. तुम्ही रागावला नाहीत, कारणही विचारलं नाहीत. "राहू द्या, ती कुठं जात नाही," एवढंच म्हणालात. दीड वर्षानं मीच मागून घेतली आणि पुरी केली.

मागच्या पावसाळ्यात खिडकीशी ठेवलेला कवितांचा संग्रह भिजला. मी भरून द्यायला पैसे घेऊन आले होते. तुम्ही पैसे बाजूला सारलेत, दर पाच-सहा पानांमागे वर्तमानपत्राचा कागद घातलात आणि पुस्तक पंख्याखाली उभं करून ठेवलंत. "उन्हात ठेवू नका, पानं वाकडी होतात." ग्रंथालयाला मिळणाऱ्या तुटपुंज्या अनुदानातून तुमच्या हातात पगार म्हणून काय पडतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्या भिजलेल्या पुस्तकाला तुम्ही जसा हात लावलात ते मी पाहिलंय.

आणि शेवटचं. सासूबाईंना तुम्ही सभासद करून घेतलंत. मी म्हटलं, त्यांना वाचता येत नाही. "ऐकता येतं ना?" म्हणालात आणि वही पुढे सरकवलीत. त्यांनी अंगठ्यासाठी हात पुढे केला, मग थांबल्या. नातवाकडून चार महिने शिकलेलं स्वतःचं नाव त्यांनी सावकाश लिहिलं. शेवटच्या अक्षराला वेलांटी उलटी पडली. तुम्ही ती दुरुस्त केली नाहीत, नोंदवहीत अजून तशीच आहे.

सध्या त्यांच्या नावावर बालकवींच्या कविता आहेत. श्रावणावरची कविता नातवाची पाठ आहे, आता तो आजीला शिकवतोय. धरणगावात जन्मलेला हा कवी 1918 मध्ये, वयाची अठ्ठावीसही पुरी झालेली नसताना, भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेला, हे तुम्ही सांगितलंत तेव्हापासून त्या गप्प गप्प आहेत. लहानपणी त्याच रुळांच्या कडेनं त्या शेतात जायच्या. पुढच्या वेळी माहेरी जाताना स्टेशनाशी थोडं थांबायचं, असं त्यांनी मला सांगून ठेवलंय.

पुस्तकाची मुदत शनिवारी संपते. आम्ही दोघी येऊ. आसोद्याची वांगी आलीयेत, भरीत आणि कळण्याची भाकरी डब्यात असेल, तेव्हा त्या दिवशी घरून डबा आणू नका.

तुमची,
सभासद आणि सभासदाची सून