राउंड कुठं थांबलाय ते आधी बघ : आमच्या आर्मरर (हत्यारांची देखभाल करणाऱ्या) उस्तादांना आभाराचं पत्र

आदरणीय उस्ताद,
सा. न. वि. वि.

तुम्ही निवृत्त होऊन मंगळवेढ्याकडं गावी गेलात. निरोपाच्या दिवशी तुमच्या शिस्तीवर, वक्तशीरपणावर सगळे बोलले, पण आम्हा महिला पोलीस शिपाई पोरींना तुम्ही नेमकं काय दिलंत ते सांगायचं राहूनच गेलं. हारतुऱ्यांच्या गडबडीत ते सांगून झालंही नसतं. म्हणून हे पत्र, आणि उघडच लिहितेय. तुमच्या हाताखाली शिकलेले सोलापुरात आणि सोलापूरबाहेरही बरेच आहेत, त्यांनाही हे आपलंच वाटेल.

फायरिंग बटवर, म्हणजे गोळीबार सरावाच्या मैदानावर, एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) अडली की काय व्हायचं ते तुम्हाला माहीत आहे. कुणी कॉकिंग हँडल जोरजोरात ओढायचं, कुणी मॅगझिनच्या (राउंड भरायच्या पेटीच्या) बुडाला थापा मारायचं, आणि शेवटी ‘हत्यारच खराब आहे’ म्हणून विषय मिटायचा. सरावाला राउंड, म्हणजे काडतुसं, मोजकेच मिळतात. ज्या पोरीच्या हातात ती रायफल, तिचे गुण जायचे आणि वर ‘बायकांना जमत नाही’ हेही ऐकावं लागायचं. हे दुसरं तुम्ही बंद केलंत, त्याचं मोल मला पहिल्यापेक्षा जास्त वाटतं.

माझी रायफल अडली तेव्हा तुम्ही मागून एवढंच म्हणालात, “पोरी, ओढू नको. नळी टार्गेटकडं, बोट ट्रिगरवरून काढ, आणि राउंड कुठं थांबलाय ते बघ.” राउंड चेंबरच्या (नळीच्या मागं राउंड बसतो त्या पोकळीच्या) तोंडाशी खाली नाक खुपसून अडकला होता. तुम्ही मॅगझिन उतरवायला लावलंत, राउंड बाहेर काढलात आणि उन्हात धरून दाखवलात. गोळीच्या टोकावर एका बाजूला चपटा, चकाकता डाग होता. मग मॅगझिनच्या दोन्ही ओठांवरून, म्हणजे राउंड धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांवरून, मला अंगठ्याचं नख फिरवायला सांगितलंत. डावीकडचा ओठ सरळ होता. उजवीकडं पुढच्या टोकाला नख अडखळलं. डोळ्यांना दिसतही नव्हतं एवढं ते आत वळलेलं होतं, आणि तेवढ्यानं राउंड वर उठायच्या ऐवजी वाकडा होत होता.

माझे वडील यंत्रमागावर होते. धागा तुटला की माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, मगच सांधायचं, हे मी लहानपणापासून बघत आलेय. तुमची रीत तीच होती, म्हणून माझ्या मनात ती चटकन बसली असावी.

पुढं तुम्ही प्रत्येक अडचण अशीच उलगडून दाखवलीत. चेंबर रिकामं, मॅगझिनमध्ये राउंड शिल्लक, तरी बोल्ट (राउंड चेंबरमध्ये ढकलणारा सरकता भाग) पुढं जाऊन बसलाय, म्हणजे बोल्ट राउंडच्या वरून निसटून गेला. मग पहिला संशय मॅगझिन नीट बसलं नसल्याचा. एसएलआरचं मॅगझिन पुढचं टोक आधी अडकवून मागं फिरवायचं असतं, आणि कॅचचा खट्ट आवाज आल्यावरही एकदा खाली ओढून बघायचं असतं. ते पक्कं बसलं असेल तर स्प्रिंग मऊ पडलीय का, राउंड वर ढकलणारा आतला प्लॅटफॉर्म तिरका होऊन अडकतोय का, हे बघायचं. ओठ बाहेर फाकले असतील तर राउंड वेळेआधीच सुटतो आणि दोन-दोन राउंड एकदम घुसायला बघतात. आणि उडालेल्या राउंडची रिकामी पुंगळीच आत राहिली असेल, तिच्या मागं नवा राउंड येऊन अडला असेल, तर मॅगझिनला दोष देऊ नये. तिथं पुंगळी बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर, चेंबरमधली घाण नाहीतर गॅस बघावा.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती तुमची अदलाबदल. खात्रीचं मॅगझिन संशयाच्या रायफलीला लावायचं आणि संशयाचं मॅगझिन खात्रीच्या रायफलीला. अडचण मॅगझिनबरोबर गेली तर दोष मॅगझिनचा, रायफलीतच राहिली तर रायफलीचा. इतकी सोपी गोष्ट आम्हाला आधी कुणीच सांगितली नव्हती.

गॅस रेग्युलेटरला तर आम्ही हात लावायलाच घाबरायचो. तुम्ही समजावलंत की राउंड उडाल्यावर नळीतून येणाऱ्या गॅसच्या जोरानं बोल्ट मागं जातो, आणि त्यातला जास्तीचा गॅस रेग्युलेटर बाहेर सोडून देतो. झटका मवाळ लागतोय, पुंगळी जवळच पडतेय, बोल्ट पुरता मागं येत नाहीये, तर गॅस कमी पडतोय. रेग्युलेटर थोडा बंद करायचा म्हणजे बोल्टला मागं ढकलणाऱ्या पिस्टनला जोर मिळतो. पण एका वेळी एकच खाच, आणि त्याआधी पिस्टन, गॅस सिलिंडर साफ. घाण तशीच ठेवून गॅस वाढवत गेलं की सगळा मार रायफलीच्या सुट्या भागांवर बसतो, हे तुम्ही फार कळकळीनं सांगायचात.

आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळ तुम्ही कधी विसरू दिली नाहीत. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, वारा सुटला की बटवर माती उडते, आणि तेलानं थबथबलेली रायफल ती सगळी धरून ठेवते. बोल्ट आणि तो ज्यात बसतो त्या कॅरियरला बोटाला जेमतेम लागेल एवढंच तेल. चेंबर आणि नळी फायरिंगआधी कोरड्या चिंधीनं पुसायची. गॅसचे भाग कोरडे. राउंडला तेल मुळीच नाही, कारण तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा दाब बोल्टवर येतो. पंढरपूरच्या आषाढी बंदोबस्तावरून परतल्यावर, कितीही थकलो तरी, आधी हत्यार उघडून बसायची सवय तुम्हीच लावलीत. त्या वेळी ती जाच वाटायची, हेही सांगते.

एका बाबतीत मात्र तुम्ही कुणाचंच ऐकून घेतलं नाहीत. ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही तर नळी टार्गेटकडंच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं. आवाज फुसका आला, झटका बसला नाही, तर तिथंच थांबायचं, कारण गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि पुढचा राउंड सोडला तर नळी फाटेल. या दोन्ही वेळी घाई करणाऱ्याला तुम्ही बटवरून उठवलंत, मग तो कितीही मोठ्या हुद्द्याचा असो. साहेबलोकांसमोर असं उभं राहायला काय लागतं ते आम्हाला कळत होतं.

उस्ताद, तुम्ही सुरू केलेली मॅगझिनची वही आता माझ्याकडं आहे. प्रत्येक मॅगझिनवर तुम्ही रंगानं घातलेले आकडे पुसट झाले होते, ते परत घातले. कुठलं कधी अडलं, राउंड कुठं थांबला, काय बदललं, हे अजून त्याच वहीत उतरतंय. वळलेल्या ओठाचं ते मॅगझिन मी सरावातून काढून वर्गात ठेवलंय. नव्या पोरींना आधी त्याच्यावर नख फिरवायला लावते.

पुढच्या सरावाआधी एक दिवस काढून याल का? वरिष्ठांशी बोलले आहे, त्यांची हरकत नाही. रेग्युलेटर समजावताना माझं अजून कुठंतरी कमी पडतं, ते तुमच्या तोंडून पुन्हा ऐकायचंय. काकूंना नमस्कार सांगा. तारीख कळवलीत की गाडीचं मी बघते.

आपली विद्यार्थिनी,
एक महिला पोलीस शिपाई, सोलापूर