अंगठा बाहेर म्हणजे बेफिकिरी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल आपल्या पुरवणीत ट्रकचालकांच्या हातांवर लेख आला. आमच्या हातांची कुणाला तरी आठवण झाली, याबद्दल आधी आभार. मांडणी सुबक, भाषा सोपी. पण ‘जुने चालक स्टेअरिंग धरताना अंगठा बाहेर ठेवून बेफिकीरपणे चालवतात, त्यांनी मूठ घट्ट आवळायला शिकावं’ या वाक्याशी आलो आणि पेपर घडी करून ठेवून दिला. रात्री ते वाक्य काही झोपू देईना, म्हणून आज लिहायला बसलो.

मी 31 वर्षं ट्रक चालवला, त्यातली निम्मी बिनपॉवरच्या स्टेअरिंगवर. लेखकमहाशयांनी तसलं स्टेअरिंग कधी हातात धरलेलं दिसत नाही. पुढचं चाक दगडावर किंवा खड्ड्याच्या कडेवर आपटलं की बाजूला ढकललं जातं आणि तो हिसका रॉडमधून, स्टेअरिंग बॉक्समधून थेट हातात येतो. अवजड गाडीत स्टेअरिंगच्या आणि चाकाच्या वळण्याचं प्रमाण साधारण 20 ला 1 असतं. खाली चाक 10 अंश वळलं तर वर स्टेअरिंग अर्ध्या फेऱ्याहून जास्त फिरतं, आणि फिरतं ते विचारून नाही. बॉक्स बराचसा धक्का गिळतो, पण सगळा नाही. त्या क्षणी अंगठा आत वेढलेला असला तर स्टेअरिंगची मधली दांडी येऊन नेमकी त्याच्यावर बसते.

क्लीनर होतो तेव्हा उस्ताद शेजारी बसून माझ्या अंगठ्यावर पान्याची मूठ टेकवायचे. मारायचे नाहीत, नुसती टेकवायचे. ‘बाहेर काढ, नायतर स्टेअरिंगच शिकवंल तुला.’ हँडल मारून इंजिन सुरू करायचं असलं तरी हाच नियम: अंगठा चार बोटांच्याच बाजूला, म्हणजे इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जातं.

मी ऐकलं. पुढे बारा वर्षांत विसरलो. एका बांधकामावर खडीची भरलेली गाडी मागे घेत होतो. मान खिडकीबाहेर, स्टेअरिंगवर एकटा डावा हात, आणि जोर मिळावा म्हणून मूठ आवळलेली. अगदी कालच्या लेखात सांगितलीय तशी. मागे जाताना पुढची चाकं सरळ राहायला बघत नाहीत, उलट स्वतःहून आणखी वळू पाहतात, हे नवख्यालाही माहीत असतं. चाकाखाली मातीत अर्धा गाडलेला दगड आला. मला आधी आवाज आला आणि मग कळलं की तो दगडाचा नाही. सहा आठवडे प्लास्टर. मालकाने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘अंगठ्याशिवाय चालवता येत नाही का?’ आजही थंडीत शर्टाचं बटण लावताना तो अंगठा मला त्या दगडाची आठवण देतो.

अंगठा बाहेर म्हणजे पकड ढिली, असं कुणी समजू नये. गाडी धरतात चार बोटं आणि तळवा. अंगठा कडेवर वरून टेकलेला असतो, एवढंच. पुढचा टायर फुटला तरी त्याच पकडीने, ब्रेकवर उभं न राहता, गाडी सरळ ठेवता येते. मी ठेवली आहे.

आता पॉवर स्टेअरिंग आलं, तेलाच्या दाबाने हिसका मरतो, मान्य. पण तेलाच्या पंपाचा पट्टा तुटला, पाइप फुटला, किंवा उतारावर इंजिन बंद पडलं, की तेच जुनं जड जनावर पुन्हा हातात येतं.

आमच्यातही खोडी आहेत, नाही म्हणत नाही. वळणावर तळवा उलटा करून आतून स्टेअरिंग ओढायची सवय वाईटच. मनगट जातं, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत तर फुग्याच्या तोंडावरच हात आडवा. स्टेअरिंगला गोल नॉब लावून एका हाताने गरागरा फिरवणारेही पाहिलेत. घड्याळातल्या 10 आणि 2 वर हात ठेवायची आमची शिकवण जुनी झाली, आता 9 आणि 3 सांगतात, तेही पटलं. यावर लिहा ना! बोटात अंगठी घालून केबिनमधून उडी मारणाऱ्यांवर लिहा. अंगठी हुकात अडकते, माणूस खाली जातो आणि बोट वरच राहतं. यावर कालच्या लेखात अवाक्षर नाही. चित्रात मात्र गुळगुळीत नखांचे हात, आणि स्टेअरिंग चक्क कारचं.

जाता जाता. मागे रात्री दिवे न लावता उभ्या केलेल्या ट्रेलरबद्दल मी पत्र पाठवलं होतं. आपण ते छापताना ‘गरज नाही असं नाही’ यातला एक ‘नाही’ गाळलात, आणि दिवे लावायची गरज आहे असं म्हणणारा मी, गरज नाही असं म्हणणारा झालो. दोन महिने ओळखीचे चालक हसत होते. या वेळी जागा कमी पडली तर सुरुवातीचे आभार कापा, अंगठा तेवढा राहू द्या.

आपला,
एक निवृत्त ट्रकचालक