दूध संस्थेच्या आवारातले पट्टे

अल कूझ, दुबई

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोटो मिळाले. गेल्या वर्षी मारलेले पट्टे एका पावसाळ्यात सोलून निघाले आणि आता कमिटी म्हणते, हायवेवर असतो तसला गरम पट्टाच मारून घेऊ. तू माझं मत विचारलंस. फोनवर रेंज तुटते आणि चेअरमनना निरोप अर्धाच पोचतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

गरम पट्टा म्हणजे थर्मोप्लास्टिक, आमचा इथला रोजचा धंदा. राळ, चुनखडीची भुकटी, पांढरा रंग आणि काचेचे बारीक मणी यांची पावडर बॉयलरमध्ये १८० ते २०० अंशांवर वितळवायची आणि दोन-तीन मिलिमीटरचा थर ओढत न्यायचा. थर गरम असतानाच वरून आणखी मणी टाकतो. ते निम्मे रुतायला हवेत. जास्त बुडाले तर गाडीचा उजेड परत फिरत नाही, वर राहिले तर टायर उपटून नेतात. डांबरावर हा माल टिकतो, कारण त्याच्या उष्णतेनं खालचं डांबर मऊ होतं आणि दोन्ही एकजीव होतात. काँक्रीट कुठलं मऊ व्हायला! तिथं माल धरून ठेवायला खाली आधी प्रायमरचा हात लागतो, आणि तो नीट बसला नाही तर टँकरचं चाक जागच्या जागी वळलं की ढलपे निघतात. आपल्याकडं फाटकापासून वजनकाट्यापर्यंतच डांबर आहे, पुढं सगळं काँक्रीट. तेवढ्यासाठी बॉयलर बोलावणं म्हणजे ठेकेदाराचं भलं.

खरी गोष्ट तुझ्या तिसऱ्या फोटोत आहे. सोललेल्या पापुद्र्याच्या मागच्या बाजूला राखाडी भुकटी चिकटलीय. म्हणजे रंगानं काँक्रीट धरलं होतं, काँक्रीटचाच वरचा थर सुटला. पाणी जास्त घालून घोटलं की सिमेंटची साय वर येते, ती कच्ची असते. त्यात तुमच्याकडं दूध सांडतं, आंबतं, आणि ते आम्ल सिमेंट खातं. स्निग्धांश मुरतो तो वेगळाच. शिवाय गेल्या वेळी दुकानातला साधा ऑइल पेंट मारला होता असं तू म्हणतोस. काँक्रीटमधला चुना आणि त्या रंगातलं तेल यांचा ओलीत साबण होतो. मग कितीही हात मारा.

तेव्हा पैसे आधी जमिनीवर घाला. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं दोनदा घासून स्निग्धांश काढा, धुऊन वाळवा, मग जिथं पट्टे येणार तेवढीच जागा ग्राइंडरनं खरवडून धूळ व्हॅक्यूमनं ओढा. झाडूनं धूळ फक्त जागा बदलते. नंतर पाण्याचे चार थेंब टाकून बघ. पसरून मुरले तर ठीक, गोळी होऊन बसले तर अजून तेलकट आहे. आणि रात्रभर प्लास्टिकचा कागद चारी कडा चिकटवून ठेव. सकाळी खाली ओल दिसली किंवा काँक्रीट काळवंडलं तर थांबायचं. दूध थंड करायच्या चिलरसमोरचं काँक्रीट नवं असेल तर निदान २८ दिवस जाऊ द्या.

रंग काँक्रीटवर दोन भागांचा इपॉक्सी घ्या, पण उन्हात तो पिवळा पडून भुकटतो, म्हणून वरचा हात पॉलियुरेथेनचा. मिसळलेला डबा तासाभरात घट्ट होऊ लागतो, लागेल तेवढाच कालवायला सांग. डांबरावर रोड मार्किंग पेंट पुरे, डब्यावर आयएस १६४ हा भारतीय मानकाचा क्रमांक लिहिलाय का बघ. डांबर ताजं असेल तर काही आठवडे दम धरा. नाहीतर रंगातलं थिनर डांबर वर ओढतं आणि पांढऱ्याचा तपकिरी होतो. दोन पातळ हात मारा, एक जाड नको. जाड हात वरून वाळतो, आत ओला राहतो.

काम दिवाळीनंतर काढा, आणि दहाच्या आत डबा उघडू नका, दव असतं. इथं जबेल अलीच्या गोदामांत जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा, निदान ३ अंश वर नसेल तर आमचा इंजिनियर ब्रशला हात लावू देत नाही. समुद्राकडच्या दमट रात्री त्यापायी सगळी टोळी चहा पीत बसते.

आखणी गवंड्याकडूनच करून घ्या, रंगाऱ्याकडून नको. पहिली ओळ भिंतीला धरून, पुढचा काटकोन ३-४-५ नं, म्हणजे तीन, चार आणि पाच फुटी बाजूंचा त्रिकोण धरून काढायचा. आपल्या आवारातली कंपाउंडची भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही, हे आण्णा कायम म्हणायचे. कॅन घेऊन माणसं जिथून चालतात तिथं पट्टा रुंद नको, पाणी सांडलं की रंगावरून पाय घसरतो. टाळता येत नसेल तर मारताना ताज्या रंगावर बारीक वाळू भुरभुरा.

आईला सांग, मी उन्हात काम करत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला इथं कायद्यानं बंदी आहे, आणि उन्हाळ्यात आमची पाळी बहुतेक रात्रीचीच असते. तिच्या गोळ्यांचे पैसे वहिनींच्या खात्यावर पाठवलेत.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. कोटेशन आलं की फोटो काढून पाठव. ग्राइंडिंगचा खर्च त्यात वेगळा दाखवला नसेल, तर तो धरलेलाच नाही असं समज.